चोविसावा दिवस

माध्यमाच्या रकान्यावर क्लिक करायचं होतं. द्वारकाचा हात घसरला, बाण शेजारच्या रकान्यात गेला, आणि पडद्यावरची सातशे वीस मुलं तिच्या डोळ्यांदेखत जागा बदलून बसली. फेब्रुवारी दोन हजार दोन, मंगळवार, सकाळचे साडेअकरा. वाघोलीच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या परीक्षा विभागात पंख्याची घरघर होती आणि बाहेर नगर रस्त्यावरच्या ट्रकची. चूक दुरुस्त करायला तिनं बोट उचललं आणि ते तसंच राहिलं. गेल्या चार वर्षांत पहिल्या वर्षाला आलेल्या सगळ्या मुलांची ती यादी होती. पहिल्या सत्रात ज्यांचा एक तरी विषय राहिला त्यांच्या ओळी तिनंच गेल्या आठवड्यात लाल केल्या होत्या. त्या लाल ओळी आजवर सगळीकडे विखुरलेल्या असायच्या, गोवर उठल्यासारख्या. आता त्या खाली सरकल्या होत्या. पातेल्यात चहाची पूड तळाशी बसावी तशा एकेका वर्षाच्या तळाशी जाऊन बसल्या होत्या. तिनं रकान्याचं नाव वाचलं. प्रवेशाची तारीख. मग पुन्हा वाचलं, कारण पहिल्या वेळी वाचताना छातीत काहीतरी धडपडलं होतं आणि शब्द नीट आत गेला नव्हता.

हा रकाना कोणी मागितलेला नव्हता. आमोदनं दिलेल्या कागदावर बारावीचे गुण, माध्यम, जिल्हा, वडिलांचा व्यवसाय असे सात रकाने होते. तारीख तिनं आपल्याच सवयीनं भरली होती, अर्जावर वरच्या कोपऱ्यात शिक्का असतो म्हणून. आमोद सव्वीस वर्षांचा, औंधच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. संस्थेनं त्याला पुढच्या पाच वर्षांचा आराखडा करायला बोलावलं होतं. तो मोटरसायकलवरून यायचा, हेल्मेट टेबलावर ठेवायचा आणि 'डेटा' हा शब्द असा उच्चारायचा की जणू तो खायचा पदार्थ आहे. त्याचं म्हणणं जवळजवळ ठरलं होतं. पहिल्या वर्षाची तिसरी तुकडी, म्हणजे साठ जागा, बंद करावी. ती तुकडी शेवटच्या फेऱ्यांमधून भरते, मराठवाडा-विदर्भातली मराठी माध्यमाची मुलं येतात, नापास होतात आणि कॉलेजचा निकाल खाली ओढतात. त्या जागी आयटीची प्रयोगशाळा करावी. तो हे वाईट मनानं म्हणत नव्हता. "मॅडम, मी काही म्हणत नाही, आकडे म्हणतायत," असं सांगून त्यानं परवाच तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दोनदा मागून घेतली होती. ती चटणी लातूरकडची होती. द्वारकाही तिकडचीच. ती काही बोलली नव्हती, कारण आकडे तेच म्हणत होते, आणि कारण बोलायचा आपला हक्क अठरा वर्षांपूर्वीच संपलाय अशी तिची समजूत होती.

समजूत नव्हे, ते तिचं घरच होतं, ती त्यात राहायची. चौऱ्याऐंशी साली अहमदपूर तालुक्यातल्या एका गावातून ती पुण्याला बीएस्सीला आली. तालुक्यात मुलींत पहिली. गुणपत्रिकेवर बोर्डानं 'द्वारका'चं 'द्रारका' केलं होतं, आणि चुकीच्या नावानं इथं कोणी दारात उभं करत नव्हतं. वडील गुणपत्रिका धोतराच्या सोग्यात गुंडाळून दोनदा औरंगाबादला जाऊन आले. दुरुस्ती झाली, ते दोघं एसटीनं पुण्यात उतरले, फी भरली, आणि ती पहिल्यांदा गणिताच्या तासाला बसली. फळ्यावर उलटा तीन होता. खरंच, उलटा तीन. शिकवणारे सर तो पुन्हापुन्हा काढत होते, त्याच्यापुढे काहीतरी लहान आहे असं म्हणत होते, आणि आजूबाजूच्या सगळ्या मुली माना डोलावत लिहून घेत होत्या. तिनंही लिहून घेतला. शेजारणीला विचारलं, "हा तीन असा का?" शेजारीण हसली नाही, हसली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त वही थोडी पलीकडे ओढली. मग वर्षभर द्वारका उतरवून घेत राहिली, जसं देवळाच्या खांबावरचं एखादं न कळणारं लिखाण कोणी कागदावर उतरवून घेतं. वार्षिक परीक्षेत गणितात अठ्ठावीस, पदार्थविज्ञानात एकतीस. वडील म्हणाले, "असू दे." त्या दोन शब्दांत राग नव्हता, म्हणूनच ते इतकी वर्षं पुरले. गावात हुशार असणं निराळं, इथली हुशारी निराळी, आपलं डोकं तेवढंच. पुढे टायपिंग, लग्न, ही नोकरी. ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा इतर जण त्याला हात लावायला घाबरत होते. तिला भीती वाटली नाही, कारण घाबरण्याजोगं काही शिल्लक नव्हतं.

आणि आता ती पडद्याकडे बघत बसली होती. कॉलेज ऑगस्टच्या सुरुवातीला सुरू होतं. शेवटच्या फेरीतली मुलं येतात ती ऑगस्टच्या शेवटी, कधी सप्टेंबर उजाडल्यावर. तिनं एका लाल ओळीवर बोट ठेवून दिवस मोजले. एकोणीस. पुढची, बावीस. पुढची, सव्वीस. मग मोजणारं बोट आपोआप टेबलावर आलं आणि वेगळेच दिवस मोजू लागलं. चौऱ्याऐंशीच्या जुलैतला कॉलेज उघडल्याचा दिवस तिला माहीत होता, नोटीस बोर्डावर होता. एसटीतून उतरल्याचा दिवस विसरणं शक्य नव्हतं, नागपंचमीच्या आदल्या दिवशी वडिलांनी स्टँडवर लाह्या घेतल्या होत्या. मोजून झालं. चोवीस. इतक्या वर्षांत हे कधी मोजलंच नव्हतं. कोणी मोजतं का, आपलं डोकं कमी आहे की आपण चोविसाव्या दिवशी आलो? डबा खायचं राहिलं. दुपारी शिपाई चहा ठेवून गेला, त्यावर साय धरली. ती मराठी आणि इंग्रजी माध्यमाची मुलं वेगळी करत होती, मग त्यांतही आधी आलेली आणि उशिरा आलेली. चार खोल्या करून धान्य निवडायला घेतल्यासारखं. आधी आलेल्या इंग्रजी माध्यमातल्या शंभरातली चौऱ्याहत्तर पहिल्या सत्रात सगळ्या विषयांत सुटत होती, मराठीतली एकाहत्तर. उशिरा आलेल्यांत इंग्रजीतली सदतीस, मराठीतली चौतीस. माध्यमानं तीनचा फरक पडत होता. तारखेनं सदतीसचा. तिनं हे कागदावर पेनानं पुन्हा काढलं, कारण यंत्रानं काढलेलं उत्तर आपलं वाटत नव्हतं.

संध्याकाळी स्वारगेटला बस बदलून धायरीच्या बसमध्ये बसली, आणि विचारात एवढी बुडाली की फाट्याऐवजी थेट गावात, शेवटच्या थांब्यावर उतरली. उलट चालत येताना मात्र उत्साहाला दुसरं तोंड फुटलं. शेवटच्या फेरीत येणारी मुलं कमी गुणांचीच असतात. ती नापास होणारच, उशिरा आली काय नि लवकर आली काय. आमोद हेच म्हणेल, आणि प्राचार्य तर हे म्हणायचीही तसदी घेणार नाहीत, नुसती भुवई उचलतील. शिवाय चार वर्षांतल्या एका वर्षानं तिला सरळ दगा दिला होता. नव्याण्णव साल. त्या वर्षाच्या लाल ओळी तळाशी गेल्याच नव्हत्या, होत्या तशा विखुरलेल्या. सगळ्यात वाईट शंका रस्त्याच्या कडेला, वीटभट्टीजवळ आली. आपल्याला हे दिसतंय की आपल्याला हे हवंय? अठरा वर्षांनी कोणीतरी 'तुझी चूक नव्हती' म्हणावं म्हणून सातशे वीस मुलांना आपण आपल्या बाजूनं साक्षीला उभं करतोय का? ती थांबली. पाय पुन्हा चालू लागले ते जरा हळू. पण आत जे धडपडत होतं ते थांबायला तयार नव्हतं. परीक्षेआधीच्या भीतीसारखंच होतं, फक्त दिशा उलटी. पळून जावंसं वाटत नव्हतं, लवकर पोचावंसं वाटत होतं.

नवरा रंगनाथ पंप बनवणाऱ्या कारखान्यात तयार माल तपासायच्या खात्यात होता. कणीक मळताना तिनं त्याला सगळं सांगितलं, चौऱ्याऐंशी सोडून. तो लसूण सोलत ऐकत होता.

"आमच्याकडं पार्ट खराब निघाला की साहेब म्हणतो माल खराब होता," तो म्हणाला. "आम्ही आधी बघतो कुठल्या पाळीत निघाला. माल सारखाच असतो, पाळी येगळी."

"ते खरं. पण एका वर्षी काहीच फरक नाही. नव्याण्णवला."

"मग त्या वर्षी सगळा माल एकाच पाळीत निघाला असंल."

तिचे हात परातीतच थांबले. नव्याण्णव. नव्या इमारतीचा स्लॅब. ठेकेदार पळाला होता, वर्गच तयार नव्हते, आणि पहिल्या वर्षाचे तास ऑगस्टऐवजी सहा सप्टेंबरला सुरू होतील अशी नोटीस निघाली होती. ती नोटीस तिनं स्वतः टाइप केली होती, दोनदा, कारण पहिल्यांदा प्राचार्यांनी 'कृपया'तला ऋकार धरून परत पाठवली होती. म्हणजे त्या वर्षी शेवटच्या फेरीतली मुलंही पहिल्या दिवशीच वर्गात होती. तीच कमी गुणांची, तीच लांबची मुलं. आणि ती बुडाली नव्हती.

"काय झालं?" रंगनाथनं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि कणकेच्या हातांनीच डोळे पुसले. मग त्याला चौऱ्याऐंशीचंही सांगितलं. तो बराच वेळ लसूण सोलत राहिला, लागणार होता त्यापेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी साडेआठलाच ती ऑफिसात होती. नव्याण्णव साल वेगळं काढलं. पहिल्या फेऱ्यांतल्या शंभरातली सहासष्ट सुटली होती, शेवटच्या फेरीतली एकसष्ट. बाकीच्या तीन वर्षांत बारावीला पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के मिळालेली मुलं घेतली. सारख्याच गुणांची, फक्त काही आधी आलेली, काही नंतर. आधी आलेल्यांतली शंभरातली सत्तर सुटली होती, नंतर आलेल्यांतली अडतीस. ती खुर्चीतून उठली, खिडकीशी गेली, परत येऊन बसली. समोरच्या मैदानावर मुलं कार्यशाळेकडे चालली होती, निळे कोट घातलेली, आणि तिला ती सगळी एकाएकी फार जवळची वाटली. त्यांची नावं तिनं भरली होती, गुण भरले होते, चेहरे मात्र कधी बघितले नव्हते. आमोद अकराला आला. तिनं सांगायला सुरुवात केली तेव्हा तो हेल्मेट काढत होता, आणि संपवलं तेव्हा ते अजून त्याच्या हातातच होतं.

"तारीख माझ्या मॉडेलमध्ये नव्हती," तो म्हणाला.

"तुम्ही मागितलीच नव्हती."

"मीटिंग सोमवारी आहे, मॅडम. स्लाइड्स रेडी आहेत. ट्रस्टींना मी ओरली सांगूनही टाकलंय." तो बसला. तिची फाइल वरपासून खालपर्यंत दोनदा बघितली. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग तो नव्याण्णवपाशी आला आणि तिथंच रेंगाळला. "हे कसं सुचलं?" त्यानं हळूच विचारलं. "म्हणजे, हे तर... असा एक्सपेरिमेंट मुद्दाम करायचा म्हटला तरी कोणी करू देणार नाही. तुमच्याकडे तो आपोआप झालाय." तो हसायला लागला, आणि त्या हसण्यात पराभव असला तरी त्याहून मोठं काहीतरी होतं, जे तिला कालपासून झालं होतं तेच. दोघं दुपारी दोनपर्यंत आकडे तपासत बसले. त्यानं तिच्या दोन चुका काढल्या, तिनं त्याची एक. चटणी संपली. जाताना तो म्हणाला, "सोमवारी तुम्ही बोला. मी बोललो तर ते म्हणतील, परवा वेगळं सांगत होतास."

"मी क्लार्क आहे."

"मग काय झालं? डेटा तुमचा आहे."

रविवारभर तिला अन्न गोड लागलं नाही आणि झोपही नीट आली नाही, पण ते दुःख नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशीही असं नव्हतं झालं. ती भांडी घासताना वाक्यं जुळवत होती आणि मोडत होती. प्राचार्य परचुरे शनिवार पेठेतले, पूर्वाश्रमीचे गणिताचे प्राध्यापक, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. यज्ञेश्वर हे नाव त्यांना शोभायचं, कारण त्यांच्यापुढे गेलेला कागद बहुधा परत यायचा नाही. सोमवारी त्यांच्या केबिनमध्ये संस्थेचे दोन विश्वस्त, आमोद आणि ती. खुर्च्या चारच होत्या म्हणून शिपायानं तिच्यासाठी बाहेरून स्टूल आणलं. ती स्टुलावर बसली नाही. उभी राहून बोलू लागली, आणि पहिली दोन मिनिटं तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येत होता. मग आकडे सुरू झाले, आणि आकड्यांबरोबर आवाज जवळ आला.

"गित्तेबाई," प्राचार्य मध्येच म्हणाले, "शेवटच्या फेरीत येणारा विद्यार्थी मुळात कमी गुणांचा असतो, हे आपल्या लक्षात आलं असेलच. की तेही तारखेवर ढकलायचंय?"

"आलंय, सर." तिनं सारख्या गुणांचा तक्ता पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो वाचला. बोटानं काही आकड्यांवर टिचक्या मारल्या.

"हे योगायोगानंही होऊ शकतं."

"हो, सर. म्हणून नव्याण्णव बघावं." तिनं इमारतीचं सांगितलं. नोटिशीची तारीख सांगितली. विश्वस्तांपैकी एक जण पुटपुटले की त्या ठेकेदाराचं नाव काढू नका. प्राचार्य मात्र आता तक्त्याकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते. चौदा वर्षांत त्यांनी तिच्याकडे बघितलं असेल ते सहीसाठी.

"सात रकाने मागितले होते. आपण आठवा कुठून आणलात? तारीखच का बघावीशी वाटली?"

"चुकून, सर. हात घसरला."

आमोद हसला, विश्वस्त हसले. ती पण हसली असती. पण हसू येताना वाटेत काहीतरी आडवं आलं आणि ती बोलतच राहिली, न जुळवलेलं. "बघताना चुकून बघितलं. ओळखलं मात्र लगेच. मी चौऱ्याऐंशीला चोविसाव्या दिवशी आले होते. बीएस्सीला. गुणपत्रिकेत नाव चुकलं होतं म्हणून. गणितात अठ्ठावीस मिळाले. मला वाटत होतं, माझं डोकं नाही." खोलीत पंखा नव्हता, एसी होता, त्यामुळे शांतता फारच स्वच्छ होती. "ही तुकडी बंद केली तर ही मुलं दुसरीकडे उशिराच जातील, सर. आणि त्यांनाही तेच वाटेल."

आपण काय करून बसलो असं तिला वाटलं. प्राचार्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"अठ्ठावीस," ते म्हणाले. "तेव्हा पहिल्या महिन्यात सीमा, म्हणजे लिमिट, ही संकल्पना शिकवत असत. ती चुकली की पुढचं सगळं वर्ष म्हणजे चिनी भाषा. मी शिकवत असे." त्यांनी विश्वस्तांकडे मान वळवली. "तुकडी एक वर्ष राहू द्या. सप्टेंबरात उशिरा आलेल्यांसाठी पहिल्या पानापासून वर्ग घेऊ. रोज दोन तास, चार आठवडे."

"शिकवणार कोण?" एका विश्वस्तांनी विचारलं. "जादा तासाला कोणी तयार होत नाही."

"मी. मला तेवढंच येतं."

ते तिच्याच कॉलेजात शिकवत होते का, हे तिनं विचारलं नाही. विचारावंसं एकदा फार वाटलं. पण उत्तर कळून आता काही बदलणार नव्हतं, आणि दाराबाहेर पडताना तिला एवढं हलकं वाटत होतं की जिन्यावर तिनं कठडा धरला. सप्टेंबरात अठ्ठावन्न मुलं उशिरा आली. वर्ग दुपारी तीनला भरायचा. हजेरीचं काम तिनं मागून घेतलं आणि दारात उभी राहून ती ऐकायची. परचुरे सर वर्गात निराळेच होते. तिरकसपणा तोच, पण मुलांना तो समजायचा आणि ती हसायची. "ज्याला समजलं नाही त्यानं हात वर करावा. ज्याला समजलं त्यानंही करावा, म्हणजे पहिल्याला लाज वाटणार नाही." सगळे हात वर जायचे. एक दिवस उलटा तीन फळ्यावर आला. द्वारका दारातून हलली नाही. "हा एप्सिलॉन, म्हणजे एक मर्जीतली संख्या," सर म्हणाले, "तुम्हाला हवी तेवढी लहान घ्या. भांडखोर शेजाऱ्यासारखी. तो म्हणेल एवढ्या जवळ या, तुम्ही यायचं. तो म्हणेल अजून जवळ या, तुम्ही अजून यायचं. तो कधी हरवू शकला नाही तर तुम्ही पोचलात." एवढंच होतं. एवढंच होतं, आणि ते तिला समजलं, पहिल्या खेपेला, उभ्या उभ्या, हातात हजेरीपट असताना. पोटातून हसू फुटून आलं आणि ती बाहेर व्हरांड्यात गेली.

जानेवारीत पहिल्या सत्राचे निकाल आले. ते भरताना तिनं रंग दिला नाही. आधी सगळं भरलं, मग डोळे मिटून दिला. आधीच्या हिशोबानं अठ्ठावन्नातली वीस सुटली असती. एकोणचाळीस सुटली. तिनं आमोदला त्याच्या कंपनीत फोन केला. तो म्हणाला, "पुन्हा सांगा," आणि तिनं पुन्हा सांगितलं, आणि त्यानं तिसऱ्यांदाही विचारलं. फाइल घेऊन ती प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी कागद वाचला, बाजूला ठेवला, पुन्हा उचलला. चेहऱ्यावर काही दिसू नये याची ते काळजी घेत होते आणि ती काळजीच दिसत होती.

"एकोणीस राहिले," ते म्हणाले.

"हो, सर."

"मग बाई, इथं काय उभ्या आहात? त्यांचा रकाना कुठला?"

ती टेबलाशी परत आली. एकोणीस ओळी. माध्यम लावून बघितलं, गुण लावून बघितले, जिल्हा, तारीख, हजेरी. काहीच तळाशी बसत नव्हतं. वर्षभरापूर्वी तिला वाटलं असतं की मग हीच खरी डोकं नसलेली. आता मात्र हात शिवशिवत होते. काहीतरी होतं आणि ते अर्जावर नव्हतं. तिनं कॉम्प्युटर तसाच ठेवला आणि यादी घेऊन बाहेर पडली. पहिलं नाव आनंदी. परभणी जिल्ह्यातली, बारावीला एक्याऐंशी टक्के, वर्गाला एकही दिवस गैरहजर नाही, गणितात एकोणतीस. ती ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एकटी बसलेली सापडली. बारीक, वेणी घट्ट घातलेली. परीक्षा विभागाच्या मॅडम आपल्याकडे येताहेत हे बघून ती उभी राहिली आणि वही छातीशी धरली.

"बस गं," द्वारका तिच्याशेजारी पायरीवर बसली. "मी रागवायला नाही आले. मला फक्त सांग, काय अडलं?"

"काही नाही, मॅडम. सर चांगलं शिकवतात."

"मग?"

मुलीनं वही गुडघ्यावर ठेवली. "मी लिहून घेते ना, ते घरी बघते तर वेगळंच असतं. मैत्रिणीच्या वहीत आठ असतो, माझ्या वहीत तीन. अधिकची खूण असती, मी उणे लिहिलेलं असतं. मला वाटतं माझंच लक्ष नसतं."

"कुठं बसतेस वर्गात?"

"मागं. आम्ही आलो तेव्हा पुढचे बाक भरलेले होते. मग तीच जागा झाली. सरांच्या वर्गातही तिथंच बसायची सवय."

"आणि शाळेत?"

"शाळेत पहिल्या बाकावर. मी हुशार होते म्हणून."

द्वारका उठली. "चल," म्हणाली, आणि तिचा हात धरून जवळजवळ ओढतच तिला व्हरांड्यातून नेऊ लागली. मुलगी घाबरली असावी, पण आली. दुपारी दीडचा सुमार, तिसऱ्या तुकडीचा वर्ग रिकामा होता. द्वारकानं तिला शेवटच्या, नवव्या बाकापाशी उभं केलं आणि स्वतः फळ्याशी गेली. खडू हातात घेतला. या बाजूला ती आयुष्यात कधी उभी राहिली नव्हती. सर लिहायचे तेवढ्याच अक्षरांत तिनं पाच आकडे लिहिले आणि बाजूला झाली.

"वाच."

आनंदीनं डोळे बारीक केले. "अंदाजानं सांगू?"

"अंदाजानं नको. दिसत नसेल तर एक बाक पुढे ये."

ती एक बाक पुढे आली. मान हलवली. आणखी एक. आणखी एक. पाचव्या बाकापाशी ती थांबली, ओठ हलले, आणि पुन्हा पुढे निघाली. तिच्या चपला फरशीवर घासत होत्या. द्वारका बाक मोजत होती. चौथा. तिसरा. दुसऱ्या बाकापाशी आनंदी उभी राहिली. वही तिच्या हातातून बाकावर घसरली होती, ते तिच्या लक्षात आलं नाही. ती फळ्याकडे बघत होती, मग मागे वळून शेवटच्या बाकाकडे, मग पुन्हा फळ्याकडे.

"सात," ती म्हणाली. "चार. सहा. एक. नऊ."